वृद्धाश्रम पाहायला जाल तेव्हा नेमकं काय पाहायचं: कागद, कमोड आणि रात्रीची ड्युटी

आत्यासाठी जागा शोधायची वेळ आली तेव्हा आमच्या घरात कुणालाच यातलं काही कळत नव्हतं. आत्या ८१ वर्षांची. लग्न केलं नाही, आयुष्यभर शाळेत शिकवलं, पेन्शन आहे, आमच्यासोबतच राहायची. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं पण त्यानंतर कुणी धरल्याशिवाय तिला उठता येत नाही, रात्री दोनदा तरी लघवीला न्यावं लागतं, आणि घरी बाबा स्वतःच ७८ चे, आईचे गुडघे गेलेले, मी सकाळी नऊला निघते ते सातला परत. घरी मावशी लावून पाहिल्या, चार महिन्यांत पाच जणी बदलल्या. शेवटी आत्याच म्हणाली, "एखादी चांगली जागा पाहा गं, माझ्यामागे तुम्ही सगळेच आजारी पडाल."

मग नागपुरात आणि आजूबाजूला मिळून सात जागा पाहिल्या. पहिली निवडली ती कशावरून, तर बगिचा छान, पांढऱ्याशुभ्र टाईल्स, छोटंसं विठ्ठलाचं मंदिर, आणि ऑफिसातल्या मॅडम गोड बोलायच्या. पाच आठवड्यांनी एका दुपारी आत्याचा पायमोजा काढला तर टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग, हात लावला की ती कळवळायची. तिथल्या मावशी म्हणाल्या, "आजी झोपूनच राहते जी, म्हणून झालं असेल." मी गोळ्यांचा तक्ता पाहायला मागितला. घड्याळात साडेचार वाजले होते, आणि तक्त्यावर रात्री नऊच्या गोळीसमोर बरोबरची खूण आणि सही आधीच झालेली होती. त्या खुणेकडे पाहत मी किती वेळ उभी होते मला आठवत नाही. दहा दिवसांत आत्याला तिथून हलवलं.

तेव्हापासून जे वाचलं, विचारलं, डॉक्टरांकडून आणि चांगल्या सिस्टरांकडून शिकले ते इथे सोप्या भाषेत सांगते, कारण आमच्याकडे "क्वालिटी स्टँडर्ड" म्हटलं की लोकांना भिंतीवर लावलेलं फ्रेममधलं सर्टिफिकेट डोळ्यांसमोर येतं. मानक म्हणजे खरं तर तीन गोष्टी एकत्र लागतात. काय करायचं ते लिहिलेलं पाहिजे, ते होतंय का हे बाहेरच्या कुणीतरी येऊन पाहिलं पाहिजे, आणि नाही झालं तर पुढे काहीतरी घडलं पाहिजे. इंग्लंडमध्ये हे काम केअर क्वालिटी कमिशन नावाची सरकारी संस्था करते, २००९ पासून. त्यांचे तपासणीस येतात, पाच प्रश्नांवर पाहतात: जागा सुरक्षित आहे का, सेवेचा उपयोग होतो का, माणसं मायेनं वागतात का, प्रत्येकाची गरज पाहून सेवा देतात का, आणि कारभार नीट चालतो का. मग उत्कृष्टपासून ते अपुरापर्यंत चार पायऱ्यांपैकी एक शेरा देतात आणि तो शेरा त्या होमला दर्शनी भागात लावावाच लागतो. म्हणजे आत पाऊल टाकायच्या आधी तुम्हाला अंदाज येतो.

आपल्याकडे कायदा आहे, पण त्याचं तोंड दुसरीकडे आहे. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा, हा मुख्यतः मुलांनी आईबापाला सांभाळावं यासाठी आहे. ६० वर्षांवरचा माणूस उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो, वकील लागत नाही, ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. वृद्धाश्रमांबद्दल यात १९ वं कलम आहे, त्यात म्हटलंय की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढू शकतं आणि तिथल्या कारभाराची, सेवांच्या दर्जाची योजना ठरवू शकतं. महाराष्ट्राचे नियम त्यानंतर २०१० मध्ये आले. पण खाजगी, पैसे देऊन राहायच्या वृद्धाश्रमाची नोंदणी सक्तीची करणारं कलम या केंद्राच्या कायद्यात नाही. ते आणायचा प्रयत्न झाला होता, डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं, त्यात नोंदणी होती, किमान मानकं होती, घरी येऊन सेवा देणाऱ्या एजन्स्याही होत्या, संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर अहवालही दिला, पण त्याचा कायदा झाला नाही. त्याच्या एक वर्ष आधी, डिसेंबर २०१८ मध्ये, सुप्रीम कोर्टानं माजी कायदामंत्री अश्वनी कुमार यांच्या ज्येष्ठांच्या हक्कांसाठीच्या याचिकेवर सरकारला सांगितलं होतं की प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची राज्यांकडून माहिती घ्या. आधी मोजा तरी, इथून सुरुवात होती.

याचा आपल्यासाठी अर्थ असा की तीन गोष्टींपैकी मधली, म्हणजे बाहेरून येऊन पाहणारा माणूस, ती आपल्याकडे सगळ्यात कच्ची आहे. तिथे नातेवाईकालाच उभं राहावं लागतं.

आता "वृद्धाश्रम" या एका शब्दाखाली आपण चार वेगवेगळ्या जागा घालतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो. एक म्हणजे सरकारी अनुदानावर चालणारे, निराधारांसाठी. केंद्राच्या योजनेत २५ ज्येष्ठांचं होम, ५० वृद्ध महिलांचं होम, आणि अंथरुणाला खिळलेल्या किंवा अल्झायमर असलेल्या किमान २० जणांसाठी कायम देखभालीचं होम असे वेगळे प्रकारच केलेले आहेत, आणि पैसा सरकारचा म्हणून तपासणीही असते. दुसरे ट्रस्टचे किंवा खाजगी, महिन्याला पैसे घेणारे. तिसरे ज्यांना आजकाल केअर सेंटर म्हणतात, तिथे नळीनं जेवण, लघवीची पिशवी, ऑक्सिजन असलेले पेशंटच असतात. आणि चौथे सीनियर लिव्हिंगचे फ्लॅट, जे तुम्ही विकत घेता. या चौथ्या प्रकारासाठी महारेरानं, म्हणजे घरबांधणी आणि विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, लिफ्ट, रॅम्प, रुंद दारं, न घसरणाऱ्या फरशा वगैरे आणि हे सगळं विक्रीच्या करारात यायला पाहिजे. पण तिथे इमारतीची खात्री मिळते, माणूस आजारी पडल्यावर कोण उचलणार याची नाही. आत्यासारख्या धरून उठवावं लागणाऱ्या माणसाला "चालते-फिरते असाल तरच" अशा जागेत ठेवलं तर दोघांचंही नुकसान. आमची पहिली चूक हीच होती, ती जागा चालत्या-फिरत्या लोकांसाठी चांगली असेलही.

कागदांचं थोडक्यात. संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा ट्रस्ट नोंदणी क्रमांक विचारा. आगीसाठी महाराष्ट्रात २००६ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं बी फॉर्मचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते चालू सहामाहीचं आहे का ते पाहा. स्वयंपाकघरासाठी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा कागद, अन्नसुरक्षा कायद्यात नफा न घेणारं स्वयंपाकघरही येतं. आणि जर ते सलाईन, ड्रेसिंग, नर्सिंग असं सगळं करतो म्हणत असतील तर १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नाव आहे का विचारा, इथे बरेच जण गडबडतात. कागद मागितल्यावर चेहरा कसा होतो तेही पाहून ठेवा. चांगल्या जागी फाईल दोन मिनिटांत टेबलावर येते.

पण आग म्हटलं की मला कागदापेक्षा कुलूप जास्त महत्त्वाचं वाटतं. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, म्हणजे इमारतींच्या देशभरच्या नियमावलीत, वृद्धांची होम्स हॉस्पिटलांच्याच गटात, इन्स्टिट्यूशनलमध्ये टाकली आहेत, कारण सरळ आहे, तिथली माणसं पळू शकत नाहीत. आणि आपल्याकडे काय करतात, तर कुणी आजोबा रात्री बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून लोखंडी ग्रिलला बाहेरून कुलूप आणि किल्ली वॉचमनच्या खिशात, वॉचमन गेटवर. मी एका जागी विचारलं की किल्ली किती जणांकडे आहे, तर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तुम्ही पण विचारा. रात्री दोन वाजता लाईट गेली, धूर झाला, तर किल्ली कोणाच्या कमरेला असते? अंथरुणावरच्या माणसाला चादरीसकट ओढून बाहेर कसं काढायचं हे कुणाला शिकवलंय का? झोपून असलेली मंडळी तळमजल्यावर आहेत की जागा रिकामी होती म्हणून दुसऱ्या मजल्यावर?

इमारत पाहताना लोक बगिचा पाहतात. तुम्ही संडासात जा. खरंच जा, आणि कमोडवर बसून उठून पाहा. सीट जमिनीपासून साधारण दीड फुटाच्या वर पाहिजे, ४५० ते ४८० मिलिमीटर, खाली असेल तर खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला उठताच येत नाही. बाजूला धरायला स्टीलचा पाईप आहे का, आणि तो भिंतीत पक्का आहे की हलतो, सगळा भार टाकून ओढून पाहा. टॉवेल टांगायची दांडी म्हणजे पाईप नाही, आजी पडताना तीच धरते आणि दांडीसकट खाली येते. फरशीवर मगभर पाणी टाका आणि चप्पल घासा. आमच्या त्या पांढऱ्याशुभ्र टाईल्स ओल्या झाल्या की काचेसारख्या व्हायच्या, आणि वर पांढरी फरशी, पांढरा कमोड, पांढरी भिंत, मोतीबिंदू असलेल्या माणसाला कमोड कुठे सुरू होतो तेच दिसत नाही. दाराची रुंदी ९०० मिलिमीटर पाहिजे, म्हणजे जवळपास तीन फूट, आणि आत व्हीलचेअर गर्रकन फिरवायला पाच फुटांचा गोल मोकळा. रॅम्पचा हिशोब सोपा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. बऱ्याच ठिकाणी तीन पायऱ्यांवर सिमेंट ओतून चार फुटांचा रॅम्प केलेला असतो, त्यावरून व्हीलचेअर ढकलणारा पण पडेल. आणि पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा छोटा दिवा. पन्नास-शंभर रुपयांची वस्तू आहे हो, पण त्या दिव्यावाचून किती खुबे मोडत असतील.

नागपूरचं म्हणून एक वेगळं सांगायलाच पाहिजे, ते म्हणजे ऊन. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ डिग्री झालं होतं. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, शरीराला घामानं थंड व्हायला जमत नाही, आणि बऱ्याच जणांना बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असते, म्हणजे पाणी आत जात नाही आणि बाहेर जात राहतं. त्यात "रात्री उठावं लागतं, मावशी चिडतात" म्हणून आजी-आजोबा मुद्दाम पाणी पीत नाहीत, हे मी स्वतः आत्याकडून ऐकलंय. म्हणून "पाणी ठेवलेलं असतं" हे उत्तर पुरेसं नाही. पाजतं कोण, किती वेळा, आणि लिहितं कोण? दुपारी उशाशी तांब्या भरलेला आणि पेला कोरडा दिसला तर समजून जा. एखादी आजी अचानक बरळायला लागली, सुस्त झाली, लघवी गडद आणि थोडी झाली तर ते म्हातारपण नाही, ते पाणी कमी पडलेलं असू शकतं, कधी ऊनही लागलेलं असतं, आणि तेव्हा अंग तापलं असेल तर वाट पाहायची नाही, १०८.

आणि आपला कूलर. कूलरशिवाय इथे उन्हाळा निघत नाही, पण लोखंडी बॉडी, आत पाणी, जुनी वायर, अर्थिंग नाही, आणि म्हातारा माणूस अनवाणी ओल्या फरशीवर. कूलरचा करंट लागून माणसं जातात हे आपण दर उन्हाळ्यात पेपरात वाचतो. विचारायचं एवढंच की बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवलाय का आणि त्याचं टेस्ट बटण शेवटचं कधी दाबलं. पाणी भरताना प्लग काढतात का हे उभं राहून पाहा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून कोरडी करतात का हेही, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. डिसेंबरात उलट, पारा दहाच्या खाली जातो आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणारे आहेत, ते तर बिलकुल चालणार नाही, धूर दिसत नसला तरी त्यातला विषारी वायू झोपेतच माणसाला नेतो.

गोळ्यांकडे येते. आत्याला हाडांसाठी ॲलेंड्रोनेट आहे, आठवड्यातून एकच गोळी. ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याच्या भरल्या पेल्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास ताठ बसून राहायचं, आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. पहिल्या जागी ती गोळी रात्री दुधासोबत देत होते, लगेच आडवं करत होते. दुधातल्या कॅल्शियमनं गोळी अंगात शिरतच नाही, आणि वरून आत्या रोज छातीत जळजळ म्हणायची तर तिला ॲसिडिटीची आणखी एक गोळी चालू केली. हे कुणी मुद्दाम केलं नाही. रात्रीच्या ड्युटीच्या मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं, सगळ्यांच्या गोळ्या एका ट्रेमध्ये, स्टीलच्या वाट्यांत, वाटीवर नाव नाही, फक्त पलंगाचा नंबर. आजी पलंग बदलून झोपली की गोळ्या बदलल्या.

चांगल्या जागी कसं असतं तर प्रत्येकाचा वेगळा डबा, त्यावर नाव आणि फोटो, गोळी मूळ पाकिटातूनच निघते, ती तोंडात जाऊन गिळली गेल्यावर मग सही. घेतली नाही तर "नाही घेतली" असं लिहितात, का ते लिहितात. म्हणून मी आता तक्त्यावर रिकाम्या जागा शोधते. महिनाभराच्या तक्त्यात एकही गोळी कधीच चुकलेली नसेल, सगळ्या सह्या एकाच पेनानं, एकाच दमात केल्यासारख्या, तर तो तक्ता महिनाअखेरीला बसून भरलेला आहे.

आता टाचेचा डाग. त्याला प्रेशर सोअर, बेडसोअर म्हणतात, आणि यावरून तुम्हाला त्या जागेबद्दल जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशावरून कळत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही, आतलं मांस मरायला लागतं, काही तासांत सुरुवात होऊ शकते. माकडहाड, खुबे, टाचा, या जागा. ओळखायचं असं की लाल जागेवर बोट दाबून सोडा, कातडी आधी फिकी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे, दाबूनही फिकी होत नसेल तर पहिली पायरी सुरू झाली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हातानं पाहायचं, आजूबाजूपेक्षा तिथे गरम लागतं का, टणक लागतं का. उपाय काय, तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, पूर्ण कुशीवर नाही तर पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं, पोटरीखाली उशी म्हणजे टाच हवेत राहते, ओलं डायपर लगेच बदलणं, जेवणात वरण, दूध, अंडं चालत असेल तर अंडं. एअर बेड मदत करतो पण एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं होत नाही. आणि त्या लाल जागेवर स्पिरिट-पावडर लावून चोळायचं नाही, आपल्याकडे हे सर्रास करतात, त्यानं आतलं आणखी फाटतं. खाली रबराची गोल रिंगही नको.

आत्या आता जिथे आहे ती इमारत जुनी आहे, रंग उडालाय, बगिचा नाही, मागे एक कडुनिंब आहे. पाहायला गेले होते तेव्हा दुपारचे चार वाजत होते. एक मावशी आली, पलंगावरच्या आजीला म्हणाली, "आजी, आता खिडकीकडे तोंड करू बरं का, एक, दोन, तीन," आणि हात ओढून नाही, खाली टाकलेली चादर धरून दुसरीच्या मदतीनं फिरवलं. गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवली, कान दुमडलाय का पाहिलं, सारं एका मिनिटात. मग भिंतीवरच्या घड्याळात पाहून कागदावर लिहिलं, ४.०५, डावी कूस. चार नाही, चार पाच. मी त्या पाच मिनिटांवरून जागा ठरवली.

जेवणाचं एक. नळीनं असो की चमच्यानं, ताठ बसवून भरवायचं आणि नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. जेवणाच्या वेळी जाऊन पाहा एक मावशी किती जणांना भरवतेय, घास गिळायच्या आत दुसरा घास जातोय का. खरूजही विचारा, कारण ती एकाला झाली की सगळ्यांना, स्टाफला, भेटायला आलेल्या तुमच्या मुलांना पण. एकालाच मलम लावून भागत नाही, सगळ्यांना एकाच वेळी औषध आणि चादरी-कपडे गरम पाण्यात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना बाकीचंही माहीत असतं.

स्मृतिभ्रंश असलेल्यांचं सगळ्यात अवघड, आणि इथेच सगळ्यात वाईट गोष्टी होतात, पलंगाला ओढणीनं हात बांधणं, झोपेची गोळी वाढवून ठेवणं. संध्याकाळ झाली की यातली बरीच माणसं अस्वस्थ होतात, घरी जायचं म्हणतात, येरझाऱ्या घालतात. चांगली जागा त्या वेळेला त्यांना अंगणात फिरवते, पालेभाजी निवडायला बसवते, मनगटात नाव-नंबरची पट्टी असते. कोणी बांधून ठेवलेलं दिसलं तर कारण विचारायचं, कोणत्या डॉक्टरनं सांगितलं, कुठे लिहिलंय, किती वेळासाठी. "ते पडतात म्हणून" एवढं उत्तर चालत नाही, बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत जास्त वाईट पडतो. सीसीटीव्ही पाहिजेत, पण पॅसेजमध्ये, जेवणघरात. कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा लावून "पूर्ण सुरक्षा" म्हणणाऱ्यांना माझा नकार.

हे सगळं ज्यांच्या हातानं होतं त्या मावश्यांबद्दल लोक विचारतच नाहीत. किती पेशंटमागे किती माणसं, हे दिवसाचं सांगतात, तुम्ही रात्रीचं विचारा, आणि रात्री असलेल्यांपैकी जागे किती ते विचारा. दोन माणसांनी उचलायचा पेशंट आणि रात्री एकच मुलगी, तर ती त्याला उठवणारच नाही, डायपर घालून ठेवेल, आणि यात तिची चूक मी धरणार नाही. बारा तासांची ड्युटी, आठवड्याची सुटी नाही, कुणी शिकवलेलं नाही, दर दोन महिन्यांनी माणूस बदलतो, तिथे कोणतंच मानक टिकत नाही. "तुम्ही इथे किती वर्षांपासून आहात, ताई?" हा प्रश्न मी प्रत्येक जागी केला. आत्याच्या आताच्या जागी उत्तर आलं, सहा वर्षं.

पैशाचं लेखी करून घ्या. डिपॉझिट किती, परत कधी, डायपर-औषध-ॲम्ब्युलन्स वेगळं की त्यात, तब्येत बिघडली तर कोणत्या हॉस्पिटलला नेणार, नागपुरातली मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी की खाजगी, आणि सही कोण करणार. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही, ते काढून त्याची कॉपी होमच्या फाईलला लावून ठेवा, रात्री शोधायला लागू नये.

आणि काही चुकलं तर. आधी होमच्या मॅनेजरला लेखी द्या, व्हॉट्सॲपवर दिलं तरी चालेल पण तारीख राहिली पाहिजे, फोटो काढा, जखमेच्या बाजूला नाणं किंवा पट्टी ठेवून म्हणजे वाढली की कळते. नाही ऐकलं तर ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट आहे. नागपुरात सामाजिक न्याय भवनात समाजकल्याणचे सहायक आयुक्त बसतात, ज्येष्ठ नागरिकांचा विषय त्यांच्याकडे येतो. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्त. पैसे देऊन घेतलेली सेवा आहे म्हणून जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, दोन वर्षांच्या आत. मारहाण, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं असं असेल तर यातलं काही न करता सरळ ११२.

त्याच २००७ च्या कायद्यात २४ वं कलम आहे ते आपल्यासाठी आहे, ज्याच्यावर सांभाळायची जबाबदारी आहे त्यानं ज्येष्ठाला कायमचं सोडून द्यायच्या हेतूनं कुठेही ठेवून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार दंड किंवा दोन्ही. मी हे सांगतेय कारण सातही जागी मला अशी माणसं भेटली ज्यांच्या फॉर्मवरचा फोन नंबर लागत नाही. आणि ज्यांच्याकडे कुणीच येत नाही त्यांची नखं वाढलेली असतात, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली असते, हे मी चांगल्या जागीही पाहिलंय. तिथल्या सिस्टरनंच सांगितलं, ताई, ज्यांच्या घरचे येतात त्यांच्याकडे आमचंही लक्ष आपोआप जास्त जातं, आम्ही ठरवून करत नाही पण होतं. म्हणून आपल्या माणसाकडे गेलात की शेजारच्या पलंगावरच्या टाचा पण पाहत जा, पाणी विचारत जा.

जायचं कधी, तर रविवारी अकराला नाही, तेव्हा सगळेच तयार असतात. मधल्या वारी, न सांगता, एकदा सकाळी आंघोळीच्या वेळी, एकदा संध्याकाळी सातच्या पुढे, एकदा भर उन्हात दुपारी दोनला. कोणत्याही वेळी आत येऊ देत नसतील तर ती जागा सोडा.

आत्याची टाच भरायला साडेतीन महिने लागले. तिथे आता गुळगुळीत, थोडी पांढुरकी कातडी आहे, आणि ती अजूनही पाय उशीवर ठेवला की आधी विचारते, टाच टेकत नाही ना गं.